तलाव एका तासात ४८० मीटर चढला तेव्हा: पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग इतर विषयांशी सांधण्याची पद्धत

ऑगस्टमधलं प्रॅक्टिकल. बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर धो धो पाऊस, आत लॅबमध्ये पहिल्या वर्षाची बॅच. एका मुलाचा प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात रन झाला. एकही एरर नाही. ताशी ३० मिलिमीटर पावसात पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावाचं पाणी एका तासात किती चढेल, याचं उत्तर स्क्रीनवर आलं होतं: ४८० मीटर. त्याने ते व्यवस्थित जर्नलमध्ये उतरवलं आणि सहीसाठी माझ्याकडे आणलं. मिलिमीटरचे मीटर करायचे राहिले होते. त्याच्या मागे उभी असलेली बेलापूरची मुलगी वही बघून म्हणाली, "अरे, पारसिकचा डोंगर बुडाला की!"

हजाराने भागणं त्या मुलाला येत नव्हतं असं मुळीच नाही. बारावीच्या फिजिक्समध्ये त्याने एककांची ढीगभर उदाहरणं सोडवली होती. पण ते फिजिक्स होतं आणि हे प्रोग्रॅमिंग. दोन वह्या, दोन तास, दोन शिक्षक. एका वहीतलं ज्ञान दुसऱ्या वहीत न्यायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यात माझाही वाटा होता.

एका विषयात शिकलेलं दुसऱ्या विषयात, घरात, गावात वापरता येणं आणि अनुभवातलं वर्गात आणता येणं, याला शिक्षणशास्त्रात एकात्मिक अध्ययन म्हणतात. मी त्याला साधं 'सांधणं' म्हणते. डेव्हिड पर्किन्स आणि गॅव्रिएल सॉलोमन यांनी १९८० च्या दशकात हे नीट मांडलं आहे: एका ठिकाणचं शिकणं दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, ते जावं म्हणून मुद्दाम शिकवावं लागतं. म्हणूनच 'रिअल लाइफ उदाहरण' म्हणून धड्याच्या शेवटी चार ओळी टाकून काही होत नाही. सांधा नेमक्या आठवड्यात, नेमक्या प्रश्नाने आणि त्याला गुण ठेवून बसवावा लागतो. तो कसा बसवायचा, ते पुढे सांगते. बीएस्सी आयटी, कॉम्प्युटर सायन्स, बीसीए किंवा इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, कुठेही चालेल. सी शिकवत असाल तरी आणि पायथन शिकवत असाल तरी.

पायरी १: एका कागदावर सगळ्यांचा सिलॅबस

सेमिस्टर सुरू होण्याआधी एक कार्डशीट घ्या. आडवे पंधरा आठवडे, उभे विषय. आपला सिलॅबस पेनने भरा आणि बाकीच्यांचा भरायला स्टाफरूममध्ये बसा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पहिल्या वर्षाला मेजरच्या जोडीला ओपन इलेक्टिव्ह, पर्यावरण किंवा मूल्यशिक्षण, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली असे बरेच विषय आले आहेत. त्या प्रत्येक शिक्षकाला एकच प्रश्न विचारा. "सर, तुमच्याकडे कोसाइनचा आलेख कितव्या आठवड्यात येतो?" "मॅडम, खारफुटीचा धडा कधी घेणार?" मीटिंग बोलवू नका, परिपत्रक काढू नका. चहाच्या कपावर पंधरा मिनिटांत हे होतं. त्यांना त्यांचा सिलॅबस बदलायलाही सांगू नका. तुमच्या लॅबचा क्रम पुढेमागे करणं तुमच्या हातात आहे, तेवढंच करा.

कागद भरला की त्यावर सांधे शोधा. दहा सापडतील. त्यातले तीन ठेवा आणि बाकीचे सोडा. पहिल्या वर्षी मी सात सांधे धरले होते आणि एकही नीट झाला नाही, कारण प्रत्येकाला द्यायला वेळच उरला नाही.

याच कागदावर एक वेगळी यादी करा: कुठले शब्द आणि चिन्हं दोन विषयांत वेगळी चालतात. गणिताच्या तासाला 'क्ष = क्ष + १' लिहिलं तर ते अशक्य समीकरण आहे. तासाभराने लॅबमध्ये तेच लिहिलं तर ती रोजची ओळ आहे, कारण तिथे बरोबरचं चिन्ह 'समान आहे' असं सांगत नाही, 'उजवीकडचं काढून डावीकडच्या डब्यात ठेव' असं सांगतं. गणितात कोन अंशांत मोजायची सवय, तर सी आणि पायथन दोन्हींतले त्रिकोणमितीचे फंक्शन कोन रेडियनमध्ये, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककात, मागतात. कागदावर ५ भागिले २ म्हणजे अडीच, सी भाषेत दोन्ही पूर्णांक असले तर २. या तीन जागा पहिल्या महिन्यात मुलांना सर्वांत जास्त छळतात. आपल्या विषयाच्या तासाला आपण त्यांना 'चूक' म्हणून मोकळे होतो. दोन विषयांच्या मध्ये उभं राहून पाहिलं तर त्या चुका राहत नाहीत, दोन भाषांमधला फरक म्हणून दिसतात, आणि मुलांना तसंच सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

पायरी २: सेमिस्टरभर पुरेल असा एक प्रश्न

लायब्ररी मॅनेजमेंट, बँक अकाउंट, मार्कलिस्ट हे विषय मी बंद केले. ते वाईट नाहीत, पण त्यांत मुलांना उत्तर चुकलंय हे स्वतःहून कळत नाही. चांगल्या प्रश्नाची माझी पहिली कसोटी हीच आहे: उत्तर वेडंवाकडं आलं तर मुलाच्या स्वतःच्या अनुभवातून शंका उठली पाहिजे. दुसरी कसोटी, त्या प्रश्नात किमान दोन इतर विषय खरोखर लागले पाहिजेत, नुसते सजावटीला नकोत. तिसरी, पहिल्या आठवड्यात एका गुणाकाराने सुरुवात करता आली पाहिजे आणि चौदाव्या आठवड्यातही त्यात काम उरलं पाहिजे.

नवी मुंबईत हा प्रश्न आपल्या पायाशीच आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसाहती उभ्या राहिल्या. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी अनेक ठिकाणी नाल्यांच्या पातळीच्या वर जातं. मग पावसाचं पाणी जाणार कुठे? त्यासाठी धारण तलाव बांधले. भरती असताना खाडीच्या तोंडाशी असलेली फ्लॅप गेट, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप, खाडीच्या पाण्याच्या दाबाने बंद राहते. पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की आपोआप बाहेर पडतं. पावसाळ्यात वाशी-सानपाड्याकडे पाणी का तुंबलं, याची चर्चा ट्रान्स हार्बरच्या डब्यात मुलं ऐकतच येतात. यात भौतिकशास्त्र आहे, गणित आहे, पर्यावरण आहे, शहराचा इतिहास आहे, आणि 'जर-तर' व लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) दोन्ही जणू तयार करून ठेवले आहेत.

ठाण्यात शिकवत असाल तर हाच प्रश्न उचलायची गरज नाही. मासुंदा, उपवन, कचराळी असे तलाव जवळ आहेत. नाहीतर ठाणे ते वाशी गाड्यांचं वेळापत्रक घ्या. जिथे मुलांचे पाय रोज पडतात ते निवडा.

पायरी ३: पहिला सांधा, तिथीची पाऊणपट

ही माझी आवडती जागा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, तिथी एक ते पंधरा धरायची. पहिल्या आठवड्यात मी मुलांना एवढंच सांगते की घरी किंवा शेजारी कुणाला हा हिशेब माहीत आहे का, ते विचारून या. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, घणसोलीकडची मुलं हमखास काही ना काही आणतात. एरवी मागच्या बाकावर बसणारा, इंग्रजीत बोलायला बिचकणारा मुलगा त्या दिवशी वर्गाला समजावून सांगतो. त्या एका तासासाठीसुद्धा मी ही पायरी कधी सोडणार नाही.

मग प्रोग्रॅम. तिथी घ्यायची, पाऊणने गुणायचं, छापायचं. सी शिकवत असाल तर मुद्दाम दोन तऱ्हा लिहायला लावा. 'तिथी गुणिले ३ भागिले ४' असं पूर्णांकांत लिहिलं की पंचमीला ३ येतं, यायला हवं पावणेचार. 'कंसात ३ भागिले ४, गुणिले तिथी' लिहिलं की कुठलीही तिथी द्या, उत्तर शून्य. रन करण्याआधी दोन्हींचा अंदाज वहीत लिहायला सांगा. आधी अंदाज, मग रन, मग तपास, मग बदल आणि शेवटी स्वतःचं नवं: संगणक-शिक्षणाच्या अभ्यासक सू सेंटन्स यांनी मांडलेला हा क्रम नवशिक्यांना फार उपयोगी पडतो. पूर्णांकाचा भागाकार मी पूर्वी व्याख्या देऊन शिकवत असे. आता मुलंच विचारतात, "मॅडम, आजोबांचं बरोबर आणि कॉम्प्युटरचं चूक कसं?"

इथेच पुढची पायरी उघडते. आजोबांचं तरी कितपत बरोबर? एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत ३० तिथी होतात आणि तेवढ्यात चंद्र सूर्याच्या तुलनेत पूर्ण एक फेरा, म्हणजे २४ तास, मागे पडतो. २४ तासांची १,४४० मिनिटं भागिले ३० म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटांचा फरक. एका तिथीला तो जाणवणारही नाही, पंधराव्या तिथीला पाऊण तास होतो. होडी काढणाऱ्याला तोंडी हिशेबात एवढी चूक चालते, कारण तो पाणी डोळ्यांनी बघूनच निघतो. झडपेच्या प्रोग्रॅमला ती चालेल का? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि तास संपवा. लगेच उत्तर देऊ नका.

भारतीय ज्ञान प्रणालीचा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याला या तासाला बोलवा. दोघांनी मिळून वीस मिनिटं घेतली तरी पुष्कळ.

पायरी ४: झडप, म्हणजे 'जर-तर'

ही पायरी छोटी आहे. खाडी तलावापेक्षा वर असेल तर झडप बंद, नाहीतर उघडी. एक तुलना, दोन छापील वाक्यं. 'दोन्ही पातळ्या अगदी सारख्या असतील तर?' हा प्रश्न मात्र विचारा, कारण 'मोठं' आणि 'मोठं किंवा समान' यातला फरक इथे समजला की पुढे अनेक चुका टळतात.

'जर-तर'च्या लांब साखळीसाठी हवामान खात्याचं वर्गीकरण वापरा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. मुलांनी हे इशारे मोबाइलवर शंभरदा वाचलेले असतात. आता साखळीतल्या अटींचा क्रम उलटा केला तर काय होतं, हे तपासायला लावा.

पायरी ५: तलाव, म्हणजे लूप

सगळ्यात मोठं काम इथे आहे. दोन लॅब कमी पडतील, तीन ठेवा. आणि एक पथ्य पाळा: नवा संदर्भ आणि नवा सिंटॅक्स (भाषेत ओळ लिहिण्याचे नियम) एकाच दिवशी देऊ नका. आधीचा पूर्ण तास फक्त कागदावर जाऊ दे.

कागदावरचे आकडे मी वर्गासाठी धरलेले आहेत, कुठल्याही खऱ्या तलावाचे नाहीत, आणि हे मुलांना स्पष्ट सांगते. तलाव १० हेक्टर, त्याकडे वाहणारं क्षेत्र २०० हेक्टर, पडलेल्या पावसातला ८० टक्के वाहून येतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर, हे आधी सगळ्यांकडून म्हणून घ्या. मग ताशी ३० मिलिमीटर पावसात तासाला ४८,००० घनमीटर पाणी येतं आणि एक लाख चौरस मीटरच्या तलावात ते ०.४८ मीटर चढतं. इथेच आमच्या मुलाचे ४८० झाले होते.

खाडीसाठी सरासरी पातळी २.५ मीटर धरा, भरती-ओहोटीचा झोका वर-खाली २ मीटर, आणि दोन भरत्यांमधलं अंतर १२.४२ तास. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या एकसारख्या उंचीच्या नसतात, म्हणजे साधा कोसाइन ही ढोबळ नक्कल आहे. तेही सांगा. मॉडेल कुठे खोटं आहे ते सांगितल्याने मुलांचा विश्वास कमी होत नाही, वाढतो.

आता कागदावरचा प्रश्न. तलाव ३ मीटरवर असताना खाडी त्याच्या वर गेली आणि झडप बंद झाली. खाडी पुन्हा ३ मीटरच्या खाली यायला किती वेळ? गणिताच्या तासाला शिकलेल्या आलेखावरून उत्तर येतं सव्वापाच तासांच्या आसपास. सगळे लिहून घेतात, सगळ्यांना पटतं. मग मी विचारते, "तेवढे तास तलाव ३ मीटरवरच थांबणार आहे का?" वर्ग गप्प होतो. आतून पाणी चढतंय, बाहेरून खाडी चढतेय आणि मग उतरतेय. दोघांची गाठ कधी पडेल हे एका सूत्रात बसवणं पहिल्या वर्षाला अवघड आहे. थोडा थोडा वेळ पुढे सरकत बघत जाणं मात्र सोपं आहे, आणि तेच लूप. लूपची गरज अशी आतून वाटली पाहिजे. ती वाटण्याआधी सिंटॅक्स दिला तर मुलं एक ते दहा आकडे छापत बसतात.

फळ्यावर मी हे आधी मराठीत लिहिते. वेळ शून्य म्हणजे भरतीचा क्षण, सुरुवात त्याआधी २.६ तास:

वेळ = −२.६, तलाव = ३.०
जोपर्यंत झडप बंद आहे तोपर्यंत पुन्हा पुन्हा:
    खाडी = २.५ + २ × कोसाइन(२ × पाय × वेळ ÷ १२.४२)
    जर खाडी > तलाव, तर तलाव = तलाव + ०.१२ आणि वेळ = वेळ + ०.२५
    नाहीतर झडप उघडा आणि थांबा

०.१२ कुठून आलं, हे मुलांनीच सांगायचं: तासाला ०.४८, म्हणून पंधरा मिनिटांत त्याचा चौथा भाग. पायच्या, म्हणजे π च्या, जागी कुणी १८० घालेल, आणि खाडी पिसाळल्यासारखी वरखाली उड्या मारेल. घालू द्या. अंश आणि रेडियनचा फरक पुन्हा शिकवावा लागत नाही.

प्रोग्रॅम चालला की झडप सव्वातीन तासांनी उघडते आणि तलाव ४.५६ मीटरवर असतो. आता पाऊल, म्हणजे एका फेरीत पुढे सरकणारा वेळ, पंधरा मिनिटांऐवजी एक मिनिटाचं करा (म्हणजे ०.१२ च्या जागी ०.००८). उत्तर ३ तास २ मिनिटं, तलाव ४.४६ मीटरच्या आसपास. एकाच तलावाची दोन उत्तरं का आली, कुठलं जास्त खरं, आणि त्याची किंमत काय? तेरा फेऱ्यांच्या जागी १८२ फेऱ्या. पहिल्या सेमिस्टरच्या मुलांशी अचूकता आणि श्रम यांच्यातल्या देवाणघेवाणीबद्दल इतक्या मोकळेपणी बोलता येईल अशी दुसरी जागा मला सापडलेली नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सगळं झाल्यावर. झडप कागदावरच्या उत्तरापेक्षा दोन तास लवकर उघडली. ही चांगली बातमी आहे का? बहुतेक जण हो म्हणतात. मग सांगा की काठावरचा रस्ता ४ मीटरवर आहे. पाणी तिथे साधारण दोन तास पाच मिनिटांत पोचलं होतं. झडप लवकर उघडली, कारण तलाव तुडुंब भरला होता. आकडा बरोबर असणं आणि त्याचा अर्थ बरोबर लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या शांततेत मुलांना कळतं.

पायरी ६: ॲरे, फंक्शन आणि गाळ

ॲरेसाठी, म्हणजे एका नावाखाली ठेवलेल्या आकड्यांच्या रांगेसाठी, तासातासाच्या पावसाची यादी घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याची सरासरी काढली तर ताशी ३९ मिलिमीटर येते, आपल्या ३० पेक्षा फार वेगळी वाटत नाही. पण त्या दिवशी बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला होता. एकूण ९४४ ठेवून मुलांना दोन याद्या बनवायला लावा, एक सारखी पसरलेली आणि एक काही तासांत दाटलेली. दोन्ही एकाच प्रोग्रॅममधून चालवा. सरासरी काय लपवते ते संख्याशास्त्राच्या शिक्षकांनाही दाखवा, ते खूश होतील.

फंक्शन, म्हणजे एकदा लिहून नावाने पुन्हा वापरायचा तुकडा, इथे आपोआप येतं, कारण खाडीचं सूत्र तिसऱ्यांदा लिहायचा मुलांना कंटाळा येतो. त्या कंटाळ्याची वाट बघा.

पर्यावरणाचा सांधा गाळाशी आहे. धारण तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचला, त्यावर तिवरं, म्हणजे खारफुटी, वाढली. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढणं नुसतं मशिन लावण्याचं काम राहत नाही. प्रोग्रॅममध्ये तलावाचं क्षेत्र १० ऐवजी ७ हेक्टर करा आणि रस्त्यावर पाणी किती लवकर येतं ते बघा. मग पर्यावरणाच्या तासाला चर्चा होऊ द्या: तिवरं भरतीचा जोर अडवतात, माशांच्या पिल्लांना जागा देतात, आणि तीच तलावाची जागाही घेतात. काय करावं? प्रोग्रॅम याचं उत्तर देणार नाही, आणि शिक्षकानेही घाईने देऊ नये.

जमलं तर ओहोटीला आणि भरतीला अशी एका तलावाला दोनदा भेट द्या. कॉलेजची लेखी परवानगी, पालकांचं संमतीपत्र आणि पाऊस उघडलेला दिवस, हे तीन नसेल तर जाऊ नका. काठावरच्या रस्त्यावरून पाहिलं तरी पुरतं. पाण्याजवळ उतरायचं नाही.

पायरी ७: सांधा-वही

जर्नलच्या मागे चार-पाच पानं ठेवा किंवा वेगळी शंभर पानी घ्या. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटची दहा मिनिटं, हाताने, मराठी, हिंदी, इंग्रजी कुठल्याही भाषेत. 'आज काय शिकलात?' विचारू नका, 'आज आम्ही लूप शिकलो' एवढंच लिहून येतं. मी तीन प्रश्न विचारते. हे आधी कुठे भेटलं होतं? तिथलं आणि इथलं कुठे जुळलं नाही? हे आणखी कुणाला विचारायला हवं?

दुसरा प्रश्न सर्वांत कसाचा. जुळणी कुणीही लिहितं. एका मुलीने लिहिलं होतं, "गणितात वेळ सलग वाहतो, माझ्या प्रोग्रॅममध्ये तो पंधरा मिनिटांच्या उड्या मारतो. मधल्या मिनिटांत काय झालं हे मला माहीतच नाही." दोन ओळी, पण तिला पुढचं अर्धं शास्त्र दिसलं होतं.

साठ-सत्तर वह्या दर आठवड्याला वाचणं शक्य नाही. मी बॅचमधल्या पाच वाचते, आलटून पालटून, आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यातल्या एका वाक्याने करते, नाव न घेता. आपलं वाक्य फळ्यावर आलं की मुलं पुढच्या वेळी जास्त मन लावून लिहितात.

पायरी ८: जे मागे पडतात त्यांच्यासाठी

जेन्स बेनेडसेन आणि मायकेल कॅस्परसेन यांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या कॉलेजांचे आकडे मांडले, तेव्हा प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सला सरासरी ३३ टक्के मुलं उत्तीर्ण होत नव्हती. २०१९ मध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा २८ टक्के. म्हणजे वर्गात मागे राहणारी मुलं ही काही आपल्याच कॉलेजची अडचण नाही. पण सांधण्याच्या नादात त्यांच्यावर दुप्पट ओझं पडू शकतं, हा धोका खरा आहे. तलावही नवा, लूपही नवा.

अशांना कोरा स्क्रीन देऊ नका. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली युक्ती वापरा: बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी कापून, क्रम मोडून द्यायच्या आणि जुळवायला सांगायच्या. वरच्या तलावाच्या ओळी मी जाड कागदावर छापून कापून ठेवल्या आहेत. एका बाकावर दोघांनी जुळवायच्या. ज्यांच्याकडे घरी लॅपटॉप नाही, रात्री दिवा स्टेशनकडच्या किंवा कळव्याच्या घरी मोबाइलवरच अभ्यास करायचा आहे, त्यांना हे घरी नेता येतं. आणि ओळ चुकीच्या जागी गेली की पाणी कसं वाहील हे बोटाने दाखवता येतं.

जोडी लावताना एक हुशार आणि एक कच्चा अशी लावू नका. हुशार टाइप करतो, कच्चा बघत राहतो. साधारण सारख्या गतीच्या दोघांना बसवा आणि दर दहा मिनिटांनी कीबोर्ड बदलायला लावा.

पायरी ९: गुण आणि व्हायवा

ज्याला गुण नाहीत ते मुलं करत नाहीत, आणि त्यांचा दोषही नाही. बस, लोकल, पार्टटाइम काम सांभाळून ती येतात. माझ्या हातातल्या वीस इंटर्नल गुणांची वाटणी अशी आहे: प्रोग्रॅमला आठ, रनच्या आधी लिहिलेला अंदाज आणि नंतरच्या पडताळणीला पाच, सांधा-वहीला चार, समजावून सांगण्याला तीन. अंदाज चुकला तरी गुण पूर्ण. तो रन झाल्यावर लिहिला असेल तर शून्य, आणि ते पाहिल्यावर ओळखू येतं.

वही तपासायला कसोट्या हव्या असतील तर असोसिएशन ऑफ अमेरिकन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज या संस्थेने २००९ मध्ये दिलेल्या पाच कसोट्या कामाच्या आहेत: अनुभवाशी जोडणी, विषयाविषयांतली जोडणी, नव्या जागी वापर, योग्य रूपात मांडणी, आणि स्वतःच्या शिकण्याचं परीक्षण. मी पहिल्या वर्षाला पहिल्या तीनच बघते. बाकीच्या दोन पुढच्या वर्षांत पिकतात.

व्हायवाला कोड वाचून दाखवायला सांगू नका. चॅटबॉट तलावाचा संपूर्ण प्रोग्रॅम काही सेकंदांत लिहून देतो आणि मुलं तो वापरणार, हे धरूनच चाला. प्रश्न सांध्यावर विचारा. "०.४८ कुठून आलं?" "पाऊल अर्धा तास केलं तर झडप लवकर उघडेल की उशिरा, आणि का?" "आठव्या तिथीला हा प्रोग्रॅम कितीला सुरू करशील?" ज्याने तलाव समजून घेतला आहे तो थांबून, बोटांवर मोजून उत्तर देतो. कोड कुठूनही आणलेला असला तरी मग माझी हरकत नसते.

सेमिस्टर संपलं की त्या पहिल्या कार्डशीटवर लाल पेनने तीन गोष्टी लिहून कपाटात ठेवा: कुठला आठवडा घसरला, कुठला सांधा जुळला नाही, आणि कुठल्या सहकाऱ्याला पुढच्या वर्षी आधीच गाठायचं. आमच्या यंदाच्या कागदावर पहिलीच नोंद संख्याशास्त्राच्या सरांची आहे. पावसाच्या याद्या पुढच्या जूनपासून त्यांच्याच तासाला सुरू करायच्या, असं त्यांनी स्वतःहून लिहून ठेवलंय.